साडेतीनची पंगत

सायकलवरून लांब जाणाऱ्या माणसाला चहाचं दुकान कसं लागतं, हे मला कोणी शिकवलं नाही. आठवीत शाळा सुटली, त्यानंतर जे काही शिकलो ते बघून बघूनच. बसल्या जागेवरून सायकल दिसली पाहिजे, ही पहिली गोष्ट. सायकल नजरेआड झाली की या लोकांच्या घशाखाली चहा उतरत नाही. दुसरं, फरशी गुळगुळीत नको. त्यांच्या बुटांच्या तळव्याला पेडलमध्ये अडकवायचा कडक तुकडा असतो, ओल्या फरशीवर भला धट्टाकट्टा माणूस त्या तुकड्यावरून घसरतो. बायकांसाठी आतून कडी लागणारं बाथरूम पाहिजे. आणि कोणी मीठ मागितलं तर दुकानदाराने द्यावं, कशाला म्हणून विचारू नये. चहा चांगला असणं हे यानंतर येतं.

मी अमरावतीत एका सायकलच्या दुकानात चाकांचं काम करतो. वाकडं झालेलं चाक सरळ करणं, म्हणजे आमच्या भाषेत आऊट काढणं, हे माझं मुख्य काम. माझं घर तळकोकणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तिथून इथे यायला गाड्या बदलत दीड दिवस लागतो. आई फोनवर अजून विचारते, तिथे मासे मिळतात का. मी सांगतो, मिळतात. तिला बरं वाटतं.

चाक दुरुस्त झालं की चालवून बघावं लागतं, म्हणून इथले सगळे रस्ते माझ्या पायाखालचे झाले. रविवारी पहाटे सायकली काढणारी पंधरा-वीस माणसं आहेत, कोणी डॉक्टर, कोणी प्राध्यापक, कोणी बँकेतले. ती मला विचारायला लागली, कुठे थांबायचं? मला कोणी काही विचारावं याची सवय नव्हती. मी जीव तोडून उत्तर द्यायचो. बडनेऱ्याला जंक्शनबाहेरचा चहा पहाटे चारलाही मिळतो, पण तिथे सायकल टेकवायला भिंत नाही. मोझरीच्या रस्त्यावर एका ठिकाणी चहाआधी न मागता पाण्याचा तांब्या येतो. चिखलदऱ्याचा चढ संपल्यावर तिथल्याच झाडांची कॉफी मिळते, कडू असते, पण तोवर पाय इतके थरथरत असतात की कडू-गोड कळत नाही. अकोल्यात स्टेशनाकडे एक म्हातारे गृहस्थ अजून बशी देतात, आणि घाईत असलेल्याला चहा देतच नाहीत. आधी बस म्हणतात.

आणि बडनेरा आणि मूर्तिजापूर यांच्या मधे काकूंची चहाची खोली होती.

काकू माझी कोणी नव्हे. मी इथे आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात, एप्रिल संपत असताना, एका गिऱ्हाइकाची सायकल चालवून बघत मी भर दुपारी त्या रस्त्याला लागलो होतो. आम्हाला कोकणात घाम माहीत आहे, हे कोरडं ऊन माहीत नाही. घाम येत नव्हता म्हणून मला वाटलं, आपलं बरं चाललंय. मग डोळ्यांपुढे पांढरं झालं. जाग आली तेव्हा मी एका कूलरसमोर ओल्या पोत्यावर होतो, काखेत कांदा कोंबलेला होता आणि पन्नाशीची एक बाई वरून माझ्याकडे बघत होती.

"कोठचा रे तू?"

मी म्हटलं, कोकणातला.

"मंग तथी समुद्र होता ना बुडाले. इथी मराले कावून आला?"

तिने मला दोन दिवस ठेवून घेतलं. पन्हं पाजलं, ताक पाजलं, माझ्या दुकानमालकाला फोन करून सांगितलं की तुमचा माणूस जिवंत आहे पण सध्या वापरता येणार नाही. तिसऱ्या दिवशी मी निघताना हात जोडले, तर म्हणाली, "हात कायले जोडतं? टोपी घाल." त्या दोन दिवसांचे उपकार मी कसे फेडणार होतो? मला एकच गोष्ट येत होती. मी सायकलवाल्यांना तिच्याकडे नेलं.

तेव्हा तिला माणसांची गरजही होती. नवा रस्ता पुलावरून गेला होता आणि तिची खोली पुलाच्या बाजूला खाली राहिली होती. ट्रकवाले, एसटीवाले कोणी खाली उतरत नव्हते. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सुरतेला दिलेली मुलगी दर आठवड्याला म्हणायची, बंद कर आणि इकडे ये. काकूंना जायचं नव्हतं. जावयाच्या दारात बसून मी काय करू, दुसऱ्याच्या चुलीवरचा चहा पिऊ? असं म्हणायची. "एक हिवाळा पायतो," ती मला म्हणाली. "गिऱ्हाईक झालं तर ठीक. नाही तर होळीनंतर कुलूप."

सायकलवाले मात्र उतरायचे. मोटारींच्या पुलापेक्षा खालचा जुना रस्ता त्यांना बरा वाटायचा. पहिल्या रविवारी काकूंनी त्यांना नीट न्याहाळलं, आणि पुढच्या रविवारपर्यंत अंगणात दोन खांबांवर एक आडवा बांबू बांधून घेतला. सायकलचं सीट त्यावर अडकवलं की सायकल झोक्यासारखी लटकते. कोणी सुचवलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "गोठ्यात बैल बांधाले दावन लागते, मंग याईले नाई लागत का?" आतली गुळगुळीत फरशी एका ठिकाणी तिने पाथरवटाच्या टाकीने टोचून खरखरीत करून घेतली. बाथरूमला कडी लावली. मिठाची बरणी चहाच्या पातेल्याशेजारी आली. दातांच्या डॉक्टर असलेल्या मॅडम आमच्या गटाच्या प्रमुख होत्या. त्यांनी एकदा चहा पिऊन सांगितलं, अमरावती ते अकोला यापेक्षा चांगली जागा नाही. काकूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण त्या दिवशी सगळ्यांना दुसरा चहा मिळाला, आणि तो पहिल्याहून गोड होता.

डिसेंबरमध्ये मोठी राइड ठरली. पहाटे पाचला अमरावतीतून निघायचं, अकोल्याला जाऊन संध्याकाळी साडेसहाच्या आत परत यायचं. नुसतं परत येऊन भागत नाही. प्रत्येकाजवळ एक कार्ड असतं. वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी त्यावर आल्याची वेळ लिहून घ्यायची. प्रत्येक ठिकाण ठरावीक वेळेला बंद होतं, त्यानंतर येणारा बाद. सगळी कार्डं मग वरच्या संस्थेकडे जातात, तिथे तपासतात आणि मगच राइड मान्य होते. परतीच्या वाटेवरचं एक ठिकाण म्हणून मी मॅडमना काकूंची खोली सुचवली. त्या म्हणाल्या, ही नीट पार पडली तर हिवाळ्यातल्या सगळ्या राइड तिथेच थांबवू. काकूंचा हिवाळा असा त्या एका दिवसावर येऊन टेकला. मी हे तिला सांगितलंही. सांगायला नको होतं.

तिथे बसून वेळ लिहायचं काम मॅडमनी मला दिलं. "फक्त वेळ लिहायची. जमेल ना?" मी म्हटलं, जमेल. आदल्या रात्री मी वर्तमानपत्राच्या कडेला पुन्हा पुन्हा वेळा लिहून बघितल्या, कारण माझे आकडे कलतात. कोणाला हसू येईल, पण शाळा सोडल्यावर कोणी माझ्या हातात कामाचं पेन दिलं नव्हतं. पाना दिला होता, तारा दिल्या होत्या.

तो दिवस चांगला उजाडला. काकूंनी कोणाला न सांगता पिठलं-भाकरी केली होती, अंगणात तट्टे अंथरले होते. दुपारी एकच्या सुमाराला पहिले पाच आले, त्यांच्या वेळा मी लिहिल्या. सरळ आल्या. मग माझा फोन वाजला. सरांच्या चाकाची तार तुटली होती, मूर्तिजापूरजवळ.

सर म्हणजे शाळेतले शिक्षक, निवृत्तीला आलेले, अंगाने भारी. ही राइड त्यांनी याआधी दोनदा सोडून दिली होती. दोन्ही वेळेला वेळ संपली होती. यंदा झाली नाही तर पुन्हा होणार नाही, असं ते सगळ्यांना सांगत फिरत होते. आणि त्यांच्या त्या चाकाचा आऊट मीच चार दिवसांपूर्वी काढला होता. तार मीच ताणली होती. जास्त ताणली असणार.

मी पेन काकूंच्या हातात दिलं. तिचं अक्षर माझ्यापेक्षा गोल होतं. मी घाईत म्हटलं, "येतील त्यांची वेळ लिहा. साडेतीनपर्यंत आले की झालं." आणि हत्यारांची पिशवी घेऊन निघालो.

सर रस्त्याच्या कडेला बसले होते, चाक मांडीवर घेऊन, आजारी मूल घेतल्यासारखं. मला बघून म्हणाले, "होईल काय रे?" मी म्हटलं, होईल. मला बराच वेळ लागला. चाक बसवून आम्ही निघालो तेव्हा साडेतीनला मोजकीच मिनिटं उरली होती आणि वाट दहा-बारा किलोमीटरची होती. सर नुसते पेडल मारत होते, आणि त्यांचा श्वास मला मागे ऐकू येत होता.

पोचलो तेव्हा चारला पाच कमी होते. सरांनी कार्ड काढलं आणि काकूंसमोर धरलं, पण डोळे वर केले नाहीत. काकूंनी वेळ लिहिली, कार्ड त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत परत घातलं, म्हणाली, "बसा. भाकर गरम आहे." सरांनी पिशवीसकट कार्ड डोळ्यांजवळ नेलं. साडेतीन लिहिलं होतं. भाकरीचा तुकडा हातात धरून ते बराच वेळ बसून राहिले, मग दोन घासांत संपवून निघाले. मी त्यांना थांबवलं नाही.

ते गेल्यावर मी विचारलं, "काकू, बाकीच्यांना काय लिहिलंत?"

"साडेतीन."

"कोणाकोणाला?"

"सगळ्याईले. तू म्हन्ला ना साडेतीन." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "कावून? एका पंगतीत बसले ते. पंगतीत आधी बसला अन् मागून बसला असं कोनी सांगते का? आमच्यात मागच्याचं होत नाई तोवर पुढचा उठत नाई. ते बिचारे उठले, घाई होती. मी तरी वेळ एकच लिवली."

दहा कार्डं. कोणी अडीचला आलेलं, कोणी पावणेतीनला, सर चारला पाच कमी असताना. सगळ्यांवर साडेतीन. पिशवीत घातलेलं कार्ड पाठीच्या खिशात जातं, दमलेला माणूस ते उघडून बघत नाही.

तेव्हा मी फोन करायला हवा होता. एक फोन. मॅडमचा नंबर माझ्याकडे होता, आणि त्यांनी फोन उचललाही असता. मी काकूंकडे बघितलं. ती ताटं गोळा करत होती, खूश होती, पिठलं पुरलं म्हणून. मी सरांच्या बाजूने विचार केला. खरं सांगितलं तर ते बाद, आणि माझ्या तारेमुळे बाद. मग मी माझ्या बाजूने विचार केला. पेन माझ्याकडे दिलं होतं, ते मी दुसऱ्याला दिलं, हे सांगावं लागेल. एवढी शिकलेली माणसं मला ओळखतात, नावाने हाक मारतात, चहा पाजतात. त्यांनी म्हणावं की याला एवढंही जमत नाही? मी फोन खिशात ठेवला. मनात म्हटलं, कोण बघतंय.

संध्याकाळी सर सव्वासहाला अमरावतीत पोचले. त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. मलाही दिला, दोन दिले. मी खाल्ले.

महिन्याने कार्डं परत आली. वर कोणीतरी बघितलं होतं. काकूंकडून साडेतीनला निघालेला माणूस पुढच्या ठिकाणी, बडनेऱ्याला, चारला दहा कमी असताना पोचला होता. तीस किलोमीटर वीस मिनिटांत, सायकलवर. असं एकाचं नव्हे, पाच-सहा जणांचं होतं. ती दहाही माणसं बाद.

मॅडमच्या दवाखान्यात, पेशंट गेल्यावर, बैठक झाली. मी खुर्ची नको म्हणून स्टुलावर बसलो. बँकेतले एकजण हसत म्हणाले, "वीस मिनिटांत बडनेरा. आपल्याला तर मेडल पाहिजे." थोडे हसले. सर हसले नाहीत. ते भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत होते. मग कोणी म्हणालं, "बाईचा काय दोष, अडाणी आहे." दुसरं कोणी म्हणालं, "दोष नाही, पण पुन्हा तिथे नको." मूर्तिजापूरच्या पंपाजवळ नवं कॉफीचं दुकान झालं होतं, काचेचं, थंडगार. तिथे कॉफीच्या बिलावर वेळ आपोआप छापून येते. कोणाच्या हस्ताक्षराचा प्रश्नच नाही.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू होतास ना तिथे?"

"मी सरांचं चाक करायला गेलो होतो."

"हो, बरोबर," त्या म्हणाल्या. "तुझा काय दोष."

सर उशिरा पोचले होते हे तिथे सरांना आणि मलाच माहीत होतं, आणि आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. काचेचं दुकान ठरलं.

जानेवारीत एका रविवारी मी एकटाच काकूंकडे गेलो. चुलीवर मोठं पातेलं होतं, पंधरा माणसांचं दूध. बांबूवर माझी एकटी सायकल लटकली.

"कावून येऊन नाई राहिले रे हे लोक?"

"थंडी फार आहे, काकू."

"थंडीत तं चहा जास्त लागते."

मी म्हटलं, परीक्षा आहेत मुलांच्या. तिने मान हलवली. त्या पातेल्यातलं दूध तिने पुन्हा उकळलं, मग बासुंदी होईपर्यंत आटवलं आणि मला वाटीभर दिलं. पुढच्या रविवारी गेलो तर पातेलं लहान होतं. त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून लहान. मी प्रत्येक वेळी जाताना ठरवायचो की आज सांगायचं. पेन मी दिलं, फोन मी केला नाही, तुमचा काही दोष नाही. बडनेरा ओलांडेपर्यंत ती वाक्यं पाठ असायची. बांबू दिसला की जायची.

फेब्रुवारी संपताना मी शेवटी मॅडमना सांगितलं. दुकानात त्यांच्या सायकलचा ब्रेक बसवत होतो, डोळे ब्रेकवर ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अरे, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये वाटेची नोंद असते. कोण कुठे किती वाजता होतं, सगळं. आठवड्याच्या आत पाठवलं असतं तर नऊ जणांचं दोन मिनिटांत निस्तरलं असतं."

"आणि सर?"

"सर बाद झाले असते. तसेही झालेच." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "बाईंना त्या दिवशीच समजावून सांगितलं असतं, पुढच्या वेळी त्यांनी नीट लिहिलं असतं. आता लोकांना ते बिलच सोपं वाटतं. जाऊ दे. तू मनाला लावून घेऊ नकोस."

त्या रागावल्या नाहीत. मी तयारी करून ठेवली होती त्यांच्या रागाची. ब्रेक नीट बसवला, पुन्हा काढला, पुन्हा बसवला. रागावल्या असत्या तर मी कदाचित त्याच दिवशी काकूंकडे गेलो असतो, असं मी स्वतःला सांगतो. माहीत नाही. मी गेलो नाही.

होळीनंतर गेलो तेव्हा कुलूप होतं. शेजारच्या शेतावरच्या माणसाने सांगितलं, लेक येऊन घेऊन गेली, चार दिवस झाले. पातेली विकली. बांबू तसाच होता. सवयीने मी सायकल त्यावर अडकवली आणि पायरीवर बसलो. खिडकीतून फरशीचा टोचलेला तुकडा दिसत होता, एवढा एकच खरखरीत, बाकी सगळी गुळगुळीत.

काकूंचा फोन येतो, महिन्यातून एखादा. सुरतेत तिला पाचव्या मजल्यावर ठेवलंय. जावई चांगला आहे, म्हणते. चहा नात करते, मशीनमधलं पाणी घालून. काल-परवा तिने मला विचारलं, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, सहज विचारल्यासारखं:

"बाबू, एक सांग. खरं सांगजो. साखर जास्त होत होती काय रे माह्या चहात?"

मी म्हटलं, नाही काकू.

"नाई, त्या डाक्टरीन बाई दातांच्या आहेत ना. मले वाटलं, त्याईले गोड चालत नसंन. दुसऱ्यांदा मी जास्तच टाकत होती." आणि म्हणाली, "इथी आता मी कमीच टाकून राहिली."

मी पुन्हा म्हटलं, नाही काकू, चहा चांगला होता. बाकीचं तोंडातच राहिलं. तिने टोपी घालतो का म्हणून विचारलं आणि फोन ठेवला.

अजून लोक दुकानात येतात, नवी सायकल घेतात, पहिली लांब राइड म्हणून अकोल्याला निघतात आणि मला विचारतात, वाटेत कुठे थांबायचं. मी सांगतो. बडनेऱ्याला जंक्शनबाहेर घ्या, पण सायकल हातात धरून प्या. अकोल्यात त्या म्हाताऱ्यांकडे जा, घाई करू नका. मधे मूर्तिजापूरच्या पंपाशी कॉफी आहे, बिल जपून ठेवा, त्यावर वेळ असते. आणि बडनेऱ्यालाच दोन्ही बाटल्या भरून घ्या. तिथून मूर्तिजापूरपर्यंत काही नाही.